फेल्स्पारमध्ये उरलेला पाऊस

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ स्काय नावाचे बेट आहे. त्याच्या मध्यभागी दोन डोंगररांगा शेजारी शेजारी उभ्या आहेत. काळपट, दातेरी कड्यांची क्युलिन रांग गॅब्रो खडकाची, तर गोल माथ्यांची गुलाबी रेड हिल्स ग्रॅनाइटची. भोवताली बेसाल्टचे थर पसरलेले. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला, तेव्हाच्या ज्वालामुखींची ही उघडी पडलेली मुळे. आल्फ्रेड हार्कर यांनी १९०४ साली या बेटाच्या अग्निजन्य खडकांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून अशा खडकांच्या अभ्यासकांना स्कायची वारी चुकलेली नाही.

इतक्या पायाखालच्या बेटातून १९७१ साली अनपेक्षित बातमी आली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ह्यू टेलर आणि रिचर्ड फॉरेस्टर यांनी स्कायच्या व आसपासच्या ज्वालामुखी केंद्रांच्या खडकांतला ऑक्सिजन मोजला होता. तो फारच हलका निघाला. शिलारस थिजून झालेल्या खडकात इतका हलका ऑक्सिजन असायला नको होता. तो कुठून आला, याचे उत्तर त्यांनी दिले ते असे: आभाळातून.

हे उत्तर समजण्यासाठी आधी 'हलका ऑक्सिजन' म्हणजे काय ते पाहू. निसर्गातल्या ऑक्सिजनचे तीन स्थिर समस्थानिक आहेत. १६ वस्तुमानाचे अणू ९९.७६ टक्के, १८ वस्तुमानाचे सुमारे ०.२० टक्के आणि १७चे त्याहूनही थोडे. रासायनिक वागणूक तिघांची एकच, पण जड अणूचा बंध किंचित बळकट असतो. त्यामुळे पाणी आणि वाफ, पाणी आणि खनिज, किंवा दोन खनिजे यांच्यात ऑक्सिजनची वाटणी होताना जड अणू एका बाजूला जरा जास्त जातात. तापमान जितके कमी, तितका हा पक्षपात मोठा. शिकागोच्या हॅरॉल्ड यूरी यांनी १९४७ साली त्याचे गणित मांडले आणि समस्थानिकांवरून प्राचीन तापमान मोजण्याची वाट उघडली.

मोजमापाची पट्टी साधी आहे. महासागराच्या पाण्यातले १८ आणि १६चे गुणोत्तर म्हणजे शून्य. नमुन्यातले गुणोत्तर त्याहून दर हजारी जितके जास्त किंवा कमी, तो त्या नमुन्याचा डेल्टा आकडा. पृथ्वीच्या प्रावरणातून वर आलेल्या बेसाल्टचा आकडा अधिक ५.५ ते ६ असतो. बहुतेक ग्रॅनाइट अधिक ७ ते १० मध्ये बसतात, आणि मातकट गाळाचे खडक वितळून झालेले ग्रॅनाइट त्याच्याही वर जातात. शिलारसाच्या प्रचंड तापमानाला वाटणीतला पक्षपात फारच छोटा होतो, म्हणून शिलारसातून एकामागून एक खनिजे वेगळी होत गेली तरी आकडा एखाद-दुसऱ्या अंकाने सरकतो. स्कायच्या काही खडकांचे आकडे शून्याच्याही खाली होते. शिलारसाच्या आतल्या कोणत्याही घडामोडीने हे साधत नाही. बाहेरून कुणीतरी हलका ऑक्सिजन आणून द्यायलाच हवा.

समुद्र तो देऊ शकत नाही, कारण त्याचा आकडाच शून्य आहे. शून्याच्या बराच खाली आकडा असलेले आणि डोंगरच्या डोंगर बदलण्याइतके मुबलक असे द्रव्य पृथ्वीवर एकच आहे, पाऊस व हिम. समुद्राची वाफ होताना हलके रेणू आधी उडतात. पुढे ढगातून पाऊस पडताना जड रेणू आधी खाली येतात, म्हणून ढग जसजसा आत, वर आणि थंड प्रदेशात जातो तसतसा त्याचा पाऊस हलका होत जातो. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर पडणाऱ्या पावसाचा आकडा शून्याच्या थोडाच खाली असतो. अंटार्क्टिकाच्या मध्यावरचे हिम उणे ५०पर्यंत पोचते. हायड्रोजनच्या जड समस्थानिकाचे, म्हणजे ड्यूटेरियमचे, प्रमाणही त्याच्या जोडीने घटते. १९६१ साली हार्मन क्रेग यांनी जगभरच्या पाण्याचे आकडे आलेखावर मांडले, तेव्हा जवळपास सगळे एका सरळ रेषेवर आले: हायड्रोजनचा आकडा म्हणजे ऑक्सिजनच्या आकड्याची आठपट अधिक १०. भूविज्ञानात इतकी सरळ, इतकी सर्वव्यापी रेषा क्वचितच मिळते.

याच क्रेग यांनी उष्ण झऱ्यांच्या पाण्याकडेही पाहिले होते. ज्वालामुखी प्रदेशातले कढत पाणी थेट शिलारसातून सुटून आलेले 'नवजात' पाणी असावे, असे तोवर अनेकांना वाटे. क्रेग यांना वेगळे दिसले. झऱ्याच्या पाण्याचा हायड्रोजन त्या त्या ठिकाणच्या पावसाशी तंतोतंत जुळत होता. ऑक्सिजन मात्र पावसापेक्षा जड होता. म्हणजे पाणी पावसाचेच, पण तापलेल्या खडकातून फिरताना त्याने आपला हलका ऑक्सिजन खडकाला देऊन खडकातला जड ऑक्सिजन घेतला. हायड्रोजन बदलला नाही, कारण खडकात हायड्रोजन जेमतेम असतो, तर ऑक्सिजन त्याच्या वजनाच्या जवळपास निम्मा. आपल्या कोकणातले वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ आणि राजवाडीचे झरेही मुळात पावसाचेच आहेत. त्यांच्याखाली शिलारस नाही. भेगांतून खोल मुरलेले पाणी पृथ्वीच्या पोटातल्या उबेने तापून परत वर येते, इतकेच.

देवघेवीत एकाने मिळवले ते दुसऱ्याने गमावलेले असते. पाणी जड होत असेल तर खडक हलका व्हायलाच हवा. क्रेग यांनी व्यवहाराची पाण्याकडची बाजू पाहिली होती. टेलर यांच्या हाती खडकाकडची बाजू लागली, तीही पाणी कधीच वाहून गेल्यावर आणि ज्वालामुखीचा माथा झिजून संपल्यावर. स्कायवर त्या काळी पडणाऱ्या पावसाचा आकडा सुमारे उणे १२ असावा, असा हिशेब निघाला. शिलारस जमिनीत घुसला, त्याच्या उष्णतेने भोवतालचे भूजल तापून वर चढले, त्याच्या जागी कडेने थंड पाणी आत ओढले गेले, आणि हे अभिसरण लाखो वर्षे चालू राहिले.

या अभ्यासाचा खरा जीव मात्र खनिजाच्या कणात आहे. ग्रॅनाइट म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, ज्याला आपण गारगोटी म्हणतो, आणि फेल्स्पार. जोडीला थोडे कृष्णाभ्रक. शिलारस शांतपणे थिजला असेल तर क्वार्ट्झचा आकडा फेल्स्पारपेक्षा साधारण १ ते २ ने जास्त येतो. क्वार्ट्झमधला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध घट्ट असल्याने तो जड अणू पसंत करतो. एकाच शिलारसातून जन्मलेल्या खनिजांमधले हे अंतर ठरलेले असते.

आता त्यातून ३०० ते ४०० अंश सेल्सिअसचे पाणी फिरू द्या. क्वार्ट्झ जवळजवळ ढिम्म राहतो. फेल्स्पार बदलतो. घन स्फटिकातून ऑक्सिजनचे अणू सरकायचे म्हटले तर या तापमानाला ते काम अतिशय संथ आहे, पण फेल्स्पारला त्याची वाट पाहावी लागत नाही. पाण्यातले सोडियम-पोटॅशियम त्याच्या सोडियम-पोटॅशियमशी अदलाबदल करतात, तेव्हा स्फटिकाचा पातळ थर विरघळतो आणि लगेच त्याच जागी नव्याने जमतो. जेम्स ओ'नील आणि टेलर यांनी १९६७ साली प्रयोगशाळेत दाखवले की ही आघाडी स्फटिकातून पुढे सरकते आणि तिच्या मागे राहिलेल्या भागाचा ऑक्सिजन पाण्याच्या ऑक्सिजनशी समतोलात येतो. कण बाहेरून तसाच दिसतो, आतले अणू बदललेले असतात. नजर तयार असेल तर खुणा दिसतात: चकचकीत फेल्स्पार धुरकट होतो, त्यात सूक्ष्म छिद्रे आणि लोहाच्या ऑक्साइडचे कण येतात, ग्रॅनाइट विटकरी दिसू लागतो, आणि काळे अभ्रक हिरव्या क्लोराइटमध्ये बदलते.

मग मोजल्यावर काय येते? एकाच मूठभर दगडात क्वार्ट्झ अधिक ९ आणि फेल्स्पार अधिक १. अंतर १-२ऐवजी ८. हे अंतर खरे मानून तापमान काढायला गेलात तर शिलारसाला न शोभणारे थंड तापमान मिळते. एखादा मोजमापातली चूक समजून असा दगड बाजूला ठेवून देईल. टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मोठेपण मला इथे दिसते. दोन खनिजांचा हा बेबनाव हीच माहिती आहे, हे त्यांनी ओळखले. क्वार्ट्झ खडकाचा जन्म सांगतो, फेल्स्पार त्याच्यावर नंतर काय गुदरले ते सांगतो. दोघे एकमताने बोलले असते तर आपल्याला अर्धाच इतिहास कळला असता. पुढे रॉबर्ट क्रिस, रॉबर्ट ग्रेगरी आणि टेलर यांनी दाखवले की एका भागातल्या अनेक दगडांचे क्वार्ट्झ-फेल्स्पार आकडे एकमेकांसमोर मांडले तर ते तीव्र चढाच्या रेषेत येतात. समतोल गाठायला वेळ न मिळालेल्या, चालू अवस्थेत थांबलेल्या अभिक्रियेची ती खूण आहे.

हे आकडे मिळवणे सोपे नाही. खडक फोडून सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्झ आणि फेल्स्पारचे कण हाताने निवडावे लागतात. त्यांतला ऑक्सिजन सुटायला आम्ल पुरत नाही. शिकागोचे रॉबर्ट क्लेटन आणि तोशिको मायेदा यांनी १९६३ साली बसवलेल्या पद्धतीत ब्रोमीन पेंटाफ्लोराइड हा अत्यंत दाहक पदार्थ निकेलच्या नळीत खनिजाबरोबर ५०० ते ६०० अंशांना तापवतात. फ्लोरीन ऑक्सिजनला हुसकावून लावतो, तो तापलेल्या कार्बनवरून नेऊन कार्बन डायऑक्साइड करतात आणि मग वस्तुमान वर्णपटमापीत मोजतात. १९९०नंतर लेझरच्या झोताने एक-दोन मिलिग्रॅमच्या कणावरही हे काम होऊ लागले.

या पद्धतीने सर्वांत भव्य चित्र दिले ते अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात. तिथला ग्रॅनाइटी खडकांचा विशाल पिंड, आयडाहो बॅथोलिथ, मुख्यतः क्रीटेशस काळातला. त्यानंतर, सुमारे ५ ते ४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळात, त्याच्यात नवे, लहान ग्रॅनाइट घुसले. टेलर, मॉर्डेकाय मागारित्झ आणि पुढे क्रिस यांनी शेकडो नमुने मोजून नकाशा काढला. नकाशावर हलक्या ऑक्सिजनची कंकणे उमटली. काही भागांत फेल्स्पारचे आकडे शून्याच्या खाली गेलेले, तर कंकणाबाहेरचा ग्रॅनाइट नेहमीसारखाच. कास्टो नावाच्या एका कंकणाचे क्षेत्र ४,५०० चौरस किलोमीटर आहे. कोसळलेल्या ज्वालामुखीकुंडांच्या कडेच्या वर्तुळाकार भेगांतून पाणी खाली-वर फिरले, म्हणून खूणही वर्तुळाकार राहिली. प्रत्यक्ष जागेवर उभे राहून डोळ्यांना असे कंकण दिसत नाही. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच असतो.

हायड्रोजनची साक्ष इथे फार उपयोगी पडली. खडकात हायड्रोजन थोडा असल्याने अगदी जरासे पावसाचे पाणी शिरले तरी अभ्रक आणि क्लोराइटमधला हायड्रोजन पार बदलतो, ऑक्सिजन मात्र तसाच राहतो. पाणी पुष्कळ झाले की मग ऑक्सिजन ढळू लागतो. दोन्ही आकडे एका आलेखावर मांडले तर वक्र आधी सरळ खाली येतो आणि मग काटकोनात वळतो. आयडाहोचे नमुने नेमके या वळणावर बसले. पाणी शिरले का, हे हायड्रोजन सांगतो आणि किती शिरले, हे ऑक्सिजन. त्या काळच्या तिथल्या पावसाचा आकडाही हाती आला: ऑक्सिजनसाठी सुमारे उणे १६, हायड्रोजनसाठी सुमारे उणे १२०.

आणखी एक गोष्ट उलगडली. या कंकणांतल्या अभ्रकाची पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने काढलेली वये फसवी येत होती. खडक क्रीटेशस, पण अभ्रकाचे वय इओसीन. गरम पाण्याच्या फेऱ्यात अभ्रकात साठलेला आर्गॉन निसटून गेला होता आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झाले होते. ज्यांना ग्रॅनाइटचे वय काढायचे आहे त्यांनी आधी त्याचा ऑक्सिजन बघावा, हा धडा आजही तितकाच लागू आहे. खाणकामालाही याचा उपयोग झाला. यांकी फोर्क या सोन्याचांदीच्या भागात हलक्या ऑक्सिजनचा पट्टा आणि विमानातून मोजलेल्या चुंबकत्वाचा क्षीण भाग एकमेकांशी निगडित आढळले, कारण ज्या पाण्याने फेल्स्पार बदलला त्यानेच मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिजही मोडले.

पाणी किती लागले असेल? हिशेब करून पाहू. ग्रॅनाइट सुरुवातीला अधिक ८, शेवटी अधिक २. पाणी आत येताना उणे १६. चारशे अंशांना फेल्स्पार आणि पाणी यांच्यातला समतोलाचा फरक सुमारे २.४, म्हणून खडकातून निघणाऱ्या पाण्याचा आकडा उणे ०.४. खडक ६ अंकांनी उतरला, पाणी १५.६ अंकांनी चढले. म्हणजे खडकातल्या प्रत्येक १०० ऑक्सिजन अणूंमागे पाण्यातले साधारण ३८ अणू लागले. वजनात मांडले तर १ किलो खडकाला सुमारे २०० ग्रॅम पाणी. एक घन किलोमीटर ग्रॅनाइटसाठी अर्धा घन किलोमीटरहून अधिक. हा किमान आकडा आहे. मोठ्या भेगेतून वाहून गेलेले, खडकाला न भिडलेले पाणी त्यात धरलेले नाही. शिवाय पाणी एकदाच भेटले की थोडे थोडे येत राहिले, यावर उत्तर बदलते. पुष्कळ लेखांत हे गुणोत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेले दिसते. इतकी अचूकता या पद्धतीत नाही आणि तिची गरजही नाही.

पाण्याची वाट खडकाच्या सच्छिद्रतेवर किती अवलंबून असते, हे पूर्व ग्रीनलंडच्या स्केरगार्डमध्ये फार स्वच्छ दिसते. तो गॅब्रोचा पिंड आहे, पण धडा ग्रॅनाइटलाही लागू पडतो. पिंडाचा वरचा भाग भेगाळ बेसाल्टला टेकलेला, खालचा भाग घट्ट नाइस खडकाला. वरच्या भागातला फेल्स्पार हलका झाला, खालच्या भागातला मूळ आकड्यावरच राहिला. उष्णता दोन्हीकडे होती, पाणी एकीकडेच पोचले.

पाऊस खडकाला नेहमी हलकाच करतो, असे मात्र नाही. थंड पाण्यात वाटणीचा पक्षपात खूपच मोठा असतो आणि जड अणू खनिजाकडे जातात. वीस-पंचवीस अंशांना पावसाच्या पाण्यात बनलेली चिकणमाती त्या पाण्यापेक्षा सुमारे २५ अंकांनी जड असते. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटात चिनी मातीच्या प्रसिद्ध खाणी आहेत. ही पांढरी केओलिन माती खोलवरच्या कढत द्रवांनी बनवली, असे पूर्वापार मानले जाई. सायमन शेपर्ड यांनी १९७७ साली तिचे समस्थानिक मोजले, ते उबदार हवामानातल्या साध्या, न तापलेल्या पावसाच्या पाण्याशी जुळले. गरम पाण्याने वाट करून दिली आणि थंड पाण्याने माती केली, असा मधला मार्गही सुचवला गेला. वाद अजून मिटलेला नाही.

स्कायचा एक प्रश्न मात्र राहिलाच. थिजलेल्या ग्रॅनाइटला पावसाने गाठले, की पावसाने आधीच बदललेला खडक पुन्हा वितळून हलका शिलारसच तयार झाला? फेल्स्पार याचे उत्तर देऊ शकत नाही, कारण तो दोन्हीकडे हलकाच असणार. उत्तर झिरकॉन देतो. धुळीच्या कणाएवढे हे खनिज शिलारसात जन्मते आणि नंतरच्या गरम पाण्याला दाद देत नाही. प्रावरणातून आलेल्या शिलारसातल्या झिरकॉनचा आकडा अधिक ५.३च्या आसपास असतो. तो त्याच्या बराच खाली असेल तर शिलारस मुळातच हलका होता. अमेरिकेतल्या यलोस्टोन ज्वालामुखीच्या काही रायोलाइटांत, म्हणजे ग्रॅनाइटच्याच घडणीच्या लाव्हात, हे दिसते. ज्वालामुखीचे छत कोसळले, पाण्याने बदललेले त्याचे खडक खाली गेले आणि पुन्हा वितळले.

राजस्थानात जोधपूर ते सिवाना पट्ट्यात मलानी अग्निजन्य समूह आहे, सुमारे ७५ ते ७७ कोटी वर्षांचा. त्याच्या रायोलाइटमधले झिरकॉनही हलके निघाले. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले आणि त्याचा आधार घेऊन त्या काळी दक्षिण चीन व वायव्य भारत शेजारी असावेत, असा युक्तिवाद केला गेला. साधारण त्याच वयाचे आणि तसेच हलका ऑक्सिजन असलेले ग्रॅनाइट आज हिंदी महासागरात, सेशेल्स बेटांवर आहेत. ही बेटे भारताच्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेली होती. दख्खनचा लाव्हा वाहिला त्या सुमारास ती सुटली आणि दूर गेली.

सर्वांत मागे जायचे तर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जॅक हिल्समध्ये. तिथल्या वाळूखडकात, मूळ ग्रॅनाइट कधीच झिजून गेलेले, सुटे झिरकॉन सापडतात. २०२४ साली त्यांतल्या ४०० कोटी वर्षांपूर्वीच्या काही कणांचे आकडे अधिक २पर्यंत उतरलेले असल्याचे जाहीर झाले. उष्ण समुद्राचे पाणी एवढे खाली उतरवू शकत नाही, त्यासाठी गोड्या पाण्याचा वाटा लागतो, असे संशोधकांनी गणिताने मांडले. गोडे पाणी म्हणजे पाऊस, आणि तो खडकात मुरायला समुद्राच्या वर आलेली जमीन. त्या काळचा एकही जमिनीचा तुकडा जॅक हिल्समध्ये शिल्लक नाही. या कणांचे वय युरेनियम आणि शिशावरून, तर ऑक्सिजनचा आकडा आयन-झोताने त्याच स्फटिकावर टिपलेल्या शेजारच्या ठिपक्यावरून काढलेला आहे. दोन्ही ठिपके मिळून रुंदीने केसाएवढेही नसतात.